खराब भाजीपाला बाजारातून परत : विक्रेत्याने आणि ग्राहकाने काय करावे?

वाचकहो, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत आपल्या बिरादरीतील कितीतरी कुटुंबांची रोजी फळांच्या हातगाडीवर, भाजीच्या पाटीवर किंवा टेम्पोच्या फेऱ्यांवर चालते. भांडवल थोडे असते. पहाटे उचललेला माल संध्याकाळपर्यंत विकला तरच दुसऱ्या दिवशीची खरेदी होते. एका दिवसाचा माल फेकावा लागला तर घरखर्च आठवडाभर ओढगस्तीचा होतो. आणि गाडीवर उरलेली हीच भाजी रात्री विक्रेत्याच्या घरीही शिजते. म्हणजे माल खराब निघाला तर त्याचा धंदाही जातो आणि त्याची मुलेही आजारी पडतात.

म्हणून आज आम्ही एक असा धडा घेत आहोत ज्याकडे किरकोळ व्यापारात फारसे कोणी लक्ष देत नाही. बाजारात आलेला भाजीपाला किंवा फळे आरोग्याला घातक आहेत असे कळले तर तो माल परत कसा घ्यायचा, ही खबर कोठे पाहायची, खरी की खोटी हे कसे ओळखायचे, आणि त्यानंतर विक्रेत्याने व गृहिणीने नेमके काय करायचे, हे क्रमाने पाहू.

‘माल परत’ म्हणजे काय?

आपल्या देशात अन्नाविषयीचा मुख्य कायदा म्हणजे २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा. ५ ऑगस्ट २०११ पासून तो प्रत्यक्ष अमलात आला आणि १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा रद्द झाला. जुन्या कायद्याचा सगळा भर नमुना पकडणे आणि खटला भरणे यावर होता. नव्या कायद्यात एक महत्त्वाची गोष्ट आली. आपण विकलेला माल असुरक्षित आहे असे वाटण्यास कारण असेल तर अधिकाऱ्याची वाट न पाहता व्यापाऱ्याने स्वतःच तो बाजारातून मागे घ्यावा, असे कलम २८ सांगते. त्याची पद्धत २०१७ च्या नियमांत दिली आहे. उत्पादक, आयातदार आणि घाऊक पुरवठादार यांच्याकडे माल परत घेण्याची लेखी योजना तयार असली पाहिजे, आणि परत घेणे सुरू केल्यावर २४ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळवले पाहिजे.

साध्या किरकोळ विक्रेत्याला अशी लेखी योजना करण्याची सक्ती नाही. परंतु माल असुरक्षित आहे हे कळल्यावर तो विकण्याची मुभा त्यालाही नाही.

माल परत घेण्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे २०१५ सालचे मॅगी प्रकरण. जून २०१५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मॅगी नूडल्स बाजारातून परत घेण्याचा आदेश दिला आणि देशभरातील दुकानांतून पाकिटे गोळा झाली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला व पुन्हा तपासणी करायला सांगितली. तपासणीत नमुने उतरल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माल पुन्हा विक्रीला आला. आदेश योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की पाकिटावर कंपनीचे नाव, तारीख आणि बॅच नंबर छापलेला होता. त्यामुळे माल कोठून निघाला आणि कोणाकडे गेला हे सांगता आले.

आता आपल्या गाडीवरची कोथिंबिरीची जुडी घ्या. तिच्यावर नाव नाही, तारीख नाही, नंबर नाही. ती परत मागवायची झाली तर कोणती जुडी मागवणार, आणि कोणाकडून?

अहवाल येईपर्यंत भाजी संपलेली असते

२००६ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत पालकाची भाजी खाऊन सुमारे दोनशे माणसे आजारी पडली, काही दगावलीही. भाजीत ई. कोलाय नावाच्या जिवाणूची एक घातक जात होती. सरकारने आधी लोकांना पिशवीबंद पालक खाऊच नका असे सांगितले. मग आजारी लोकांच्या घरी शिल्लक राहिलेल्या पिशव्यांवरचे नंबर जुळवून पाहण्यात आले. त्यावरून तो पालक कोणत्या कारखान्यात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या पाळीत भरला गेला हे निघाले, आणि शोध कॅलिफोर्नियातील एका शेतापर्यंत पोहोचला.

आपल्याकडे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला तर त्याचे चार भाग करतात आणि एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा सांगतो. कायद्याच्या दृष्टीने ही मुदत ठीक असेल, पण पालक दोन दिवसांत सडतो. चौदाव्या दिवशी ‘माल असुरक्षित’ असा अहवाल आला तर परत घ्यायला बाजारात एक पानही उरलेले नसते. डाळ, तेल, मसाला यांच्या बाबतीत अहवालानंतर माल परत घेता येतो. ताज्या भाजीच्या बाबतीत जे काही करायचे ते पहिल्या एक-दोन दिवसांतच करावे लागते, आणि ते फक्त त्यालाच जमते ज्याला आपला माल कोठून आला हे ठाऊक आहे. या धड्याचे सार एवढेच आहे. बाकीचा लेख ते कसे करायचे हे सांगण्यासाठी आहे.

कायदा भाजीविक्रेत्याकडून काय मागतो?

आपल्यापैकी अनेकांचा समज असा की भाजी ही शेतातली वस्तू, तिला अन्नाचा कायदा लागत नाही. हे अर्धेच खरे आहे. शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत पीक या कायद्याच्या बाहेर आहे. मुरबाडचा शेतकरी किंवा वांगणीकडची आदिवासी बाई स्वतः पिकवलेली भाजी टोपलीत घेऊन बदलापूर स्टेशनबाहेर बसली तर तिला हा कायदा लागू नाही. परंतु तीच टोपली आपण विकत घेऊन पुढे विकली की ती कायद्याच्या भाषेत ‘अन्न’ झाली आणि आपण ‘अन्न व्यावसायिक’ झालो. मग हातगाडीवाल्यालाही नोंदणी करून घ्यावी लागते.

या कायद्यातील तीन गोष्टी प्रत्येक विक्रेत्याने पाठ केल्या पाहिजेत.

पहिली : एखाद्या ढिगातील थोडा माल असुरक्षित निघाला तर त्याच जातीचा तो सगळा ढीग असुरक्षित धरला जातो. बाकीचा चांगला आहे हे तपासणीने सिद्ध झाले तरच तो सुटतो. म्हणजे दोन ठिकाणांहून आणलेली कोथिंबीर एका पाटीत मिसळली की दोन्हींचे नशीब एक झाले.

दुसरी : माल कोणाकडून घेतला हे विक्रेत्याला सांगता आले नाही तर जबाबदारी त्याच्यावर येते. कलम २७ मध्ये हे स्पष्ट आहे.

तिसरी : घाऊक व्यापाऱ्याने दिलेले बिल किंवा कॅश मेमो हीच मालाच्या दर्जाची लेखी हमी मानली जाते. १ जानेवारी २०२२ पासून अशा बिलावर व्यापाऱ्याचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. म्हणून कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत किंवा वाशीच्या मार्केटात माल उचलताना ‘पावती राहू दे, दोन रुपये कमी करा’ असे म्हणणारा विक्रेता दोन रुपयांसाठी आपला बचावच विकून टाकतो.

आपल्या तीन गावांत धोका कोठून येतो?

एक, पाणी. अंबरनाथकडून उल्हासनगरमार्गे कल्याणच्या खाडीला जाणारी वालधुनी ही नदी कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी वाहून नेते हे सर्वांना ठाऊक आहे. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत रसायन सोडल्यामुळे उल्हासनगरच्या वडोलगाव भागात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला होता. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल उद्योग आणि स्थानिक संस्थांना दोषी धरले. अशा नाल्याच्या काठी किंवा रेल्वेरुळांलगत सांडपाण्यावर पिकवलेल्या पालक, माठ, मुळा यांसारख्या भाज्यांत शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मुळांवाटे शिरू शकतात. भाजी दिसायला हिरवीगार असते, म्हणून ग्राहक फसतो.

दोन, पूर. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान पाण्यात अडकली, ते दृश्य सर्वांनी पाहिले. असा पूर येतो तेव्हा गटारे, शौचकुंड्या आणि कारखान्यांचे पाणी एक होते. त्या पाण्यात बुडालेली पालेभाजी, काकडी, टोमॅटो किंवा गोदामातील फळे धुऊन विकणे म्हणजे लोकांच्या घरी आजार पोहोचवणे होय. येथे सरकारी आदेशाची वाट पाहू नये. पुराचे पाणी लागले की माल परत, असा नियम स्वतःच करावा.

तीन, कार्बाइड. आंबा, केळी, पपई लवकर पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या पेटीत ठेवतात. ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. या पद्धतीला कायद्याने पूर्ण बंदी आहे. इथिलीन वायूने, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, फळे पिकवायला परवानगी आहे. पेटी उघडल्यावर तळाशी पांढरट-करड्या भुकटीची पुडी दिसली तर ती पेटी गाडीवर लावू नये. जिथून आणली तिथे पावतीसह दाखवावी.

चार, फवारणी. कीटकनाशक मारल्यावर पीक किती दिवसांनी काढायचे याची मुदत औषधाच्या लेबलवर असते. भाव चढला की काही ठिकाणी ती पाळली जात नाही.

पाच, आपलाच हात. भाजी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर मारले जाणारे पाणी कोणते? डबक्यातले, की पिण्याचे? शेतातून चांगली आलेली भाजी स्टेशनबाहेरच्या बादलीत खराब होते. हा दोष दलालावर टाकता येणार नाही.

येथे एक भेद समजून घ्यावा. जंतू असतील तर भाजी नीट शिजवल्याने ते मरतात. फवारणीचा वरचा अंश वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने बराच कमी होतो. परंतु भाजीच्या आत शिरलेले जड धातू धुऊनही जात नाहीत आणि शिजवूनही जात नाहीत. म्हणून ‘घरी नेऊन चांगली धुवा’ हे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नाही. शिवाय कोथिंबिरीची चटणी, कोशिंबीर, मोडाची कडधान्ये आणि कापलेली फळे आपण कच्चीच खातो. धोक्याची खबर आली की पहिले लक्ष याच वस्तूंकडे गेले पाहिजे.

खबर कोठून घ्यावी?

महाराष्ट्रात अन्नाची देखरेख अन्न व औषध प्रशासन करते. आपल्या भागासाठी त्याचे कार्यालय ठाण्यात आहे. प्रशासनाचा विनाशुल्क दूरध्वनी १८००-२२२-३६५ आहे. केंद्रीय प्राधिकरणाचा १८००-११-२१०० आहे. विचारणाही करता येते आणि तक्रारही देता येते. त्याखेरीज उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांच्या आरोग्य विभागांकडे एकाच वस्तीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले तर बातमी लवकर पोहोचते. वस्तीतल्या डॉक्टरांशी विक्रेत्याची ओळख असावी ती याचसाठी.

खरी खबर ओळखायची खूण अशी : तिच्यात वस्तूचे नाव, ठिकाण, तारीख आणि ती देणाऱ्या कार्यालयाचे नाव असते. ‘सावधान, बाजारातली भाजी खाऊ नका, सर्वांना पाठवा’ एवढेच असेल तर ती खबर नव्हे, अफवा आहे.

अफवेचे नुकसान किती मोठे असते याचे उदाहरण जर्मनीत घडले. २०११ च्या मे महिन्यात तेथे एका घातक जिवाणूची साथ आली. सुमारे ३,८०० जण आजारी पडले, ५० हून अधिक मरण पावले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी घाईने स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवले. युरोपभर काकडी-टोमॅटोची विक्री बसली आणि स्पेनच्या शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. पुढे हॉटेलांच्या खरेदीच्या पावत्या आणि पुरवठादारांच्या याद्या जुळवल्यावर दोष काकडीचा नसून मोड आलेल्या बियांचा असल्याचे निघाले, आणि त्यातही संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर आला. स्पेनच्या काकडीवरचा डाग पावत्यांनी पुसला, पण तोवर हंगाम गेला होता.

आपल्या देशातही २०१८ मध्ये केरळात निपाहचा आजार आला तेव्हा फळांची विक्री घसरली आणि आखाती देशांनी केरळच्या ताज्या फळे-भाज्यांवर काही काळ बंदी घातली. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीच्या दिवसांत तर मुस्लिम फळ-भाजी विक्रेते जाणूनबुजून माल दूषित करतात अशा खोट्या चित्रफिती देशभर फिरल्या, आणि अनेक ठिकाणी गरीब फेरीवाल्यांना गल्लीत येऊ दिले गेले नाही. ही जखम आपले वाचक विसरलेले नाहीत. कागदाने द्वेष थांबतो असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे पावती, नोंदणी आणि वही आहे तो पोलिसासमोर, अधिकाऱ्यासमोर आणि शंका घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकासमोर ताठ उभा राहू शकतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला फक्त शपथा घ्याव्या लागतात.

रोजची वही : हाच आपला बॅच नंबर

यासाठी खर्च नाही. शाळेची एक वही आणि रोजची दहा मिनिटे लागतात. दर दिवसाला एक पान घ्यावे आणि त्यावर चार रकाने आखावेत : कोणता माल, किती, कोणाकडून (गाळा नंबर किंवा शेतकऱ्याचे गाव), आणि कोणत्या पाटीत ठेवला. त्या दिवसाच्या पावत्या त्याच पानाला टाचणीने लावाव्यात. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून लिहून घ्यावे.

दोन ठिकाणांचा माल एका पाटीत ओतू नये. जागा कमी असेल तर एका मालाच्या जुड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद ठेवणे शक्य नाही, त्याची गरजही नाही. पण जे एकदम जास्त माल नेतात, म्हणजे खानावळ, वडापावची गाडी, पोळी-भाजी केंद्र, लग्नाचा आचारी, ज्यूसवाला, त्यांची नावे जरूर लिहावीत. खराब माल पन्नास माणसांच्या पोटात एकदम जातो तो यांच्याच मार्फत.

एक उदाहरण घेऊ. समजा, अंबरनाथच्या एका विक्रेत्याने सोमवारी पहाटे कल्याणहून कोथिंबिरीच्या १०० जुड्या आणल्या, ६० एका गाळ्यावरून आणि ४० दुसऱ्या गाळ्यावरून. मंगळवारी रात्री दोन घरांत हिरवी चटणी खाल्लेली माणसे आजारी पडली. बुधवारी चौकशी सुरू झाली. वही नसेल तर सर्व १०० जुड्या संशयित ठरल्या. विक्रेता म्हणणार ‘मार्केटातून आणली’, आणि दोन्ही गाळेवाले म्हणणार ‘आमची नव्हे’. वही असेल तर तो सांगेल की ही दोन्ही घरे निळ्या दोऱ्याच्या जुड्या घेऊन गेली, तो माल अमुक गाळ्याचा, ४० जुड्या, त्यांतल्या १५ एका पावभाजीवाल्याला दिल्या. तासाभरात पावभाजीवाल्याला थांबवता येईल, गाळेवाल्याला आपल्या इतर गिऱ्हाइकांना कळवता येईल, आणि उरलेल्या ६० जुड्यांवर विनाकारण पाणी सोडावे लागणार नाही. वहीमुळे माणसे वाचली आणि मालही वाचला.

खबर आल्यावर विक्रेत्याने काय करावे?

१. विक्री त्या क्षणी थांबवावी. ‘एवढी पाटी संपू दे’ असे म्हणू नये.

२. संशयित माल वेगळ्या क्रेटमध्ये किंवा गोणीत भरून तोंड बांधावे, त्यावर ‘विकायचा नाही’ असे ठळक लिहावे. त्याच काट्यावर, त्याच सुरीने दुसरा माल हाताळण्यापूर्वी ती साबणाने धुवावी.

३. ज्या गाळ्यावरून माल आणला त्याला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. वेळ आणि कोणाशी बोललो हे वहीत लिहावे.

४. ज्यांनी जास्त माल नेला त्यांना आधी गाठावे. नेहमीच्या गिऱ्हाइकांना सरळ सांगावे : ‘भाभी, परवा नेलेली कोथिंबीर वापरू नका, पैसे घेऊन जा.’ गाडीवर पाटी लावावी.

५. तो माल स्वस्तात ज्यूसवाल्याला, खानावळीला किंवा दुसऱ्या गावच्या फेरीवाल्याला देऊ नये. कल्याणात परत नेऊन दुसऱ्या ढिगात मिसळू नये. शेळ्यांना किंवा तबेल्यातील म्हशींनाही घालू नये. जे विष भाजीत आहे ते जनावरालाही बाधू शकते आणि त्याचा अंश दुधात-मांसात उतरू शकतो.

६. अधिकाऱ्याने सांगेपर्यंत माल नष्ट करू नये. नष्ट करताना वजन लिहावे, फोटो घ्यावा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. गाळेवाल्याकडून भरपाई मागायची असेल तर हाच पुरावा लागतो.

नुकसान होते हे आम्ही जाणतो. एका माणसाला ते जड जाते. पण एका रस्त्यावरच्या दहा-पंधरा विक्रेत्यांनी मिळून रोज पाच-दहा रुपये बाजूला काढून समाईक निधी ठेवला तर एखाद्याचा माल परत घ्यावा लागला तेव्हा त्याची दुसऱ्या दिवशीची खरेदी अडत नाही. भुकेची भीती नसेल तर माणूस खराब माल लपवत नाही.

घरी काय करावे?

खबर आली की ती भाजी खाऊ नये आणि लगेच कचऱ्यातही टाकू नये. पिशवीत बांधून, तारीख लिहून, इतर अन्नापासून दूर ठेवावी. तपासणीसाठी ती लागू शकते. फ्रिजमधला भाजीचा खण, विळी, पाट गरम पाणी व साबणाने धुवावे. त्या भाजीची चटणी किंवा मसाला करून ठेवला असेल तर तोही बाजूला काढावा.

घरात कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सुरू करून डॉक्टरकडे जावे. लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा शौचातून रक्त जाणारा रुग्ण असेल तर वेळ घालवू नये. गेल्या दोन-तीन दिवसांत काय खाल्ले, कोठून आणले, हे डॉक्टरांना सांगावे.

ग्राहकाला स्वतःही माल तपासून घेण्याचा हक्क आहे. कलम ४० प्रमाणे, खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगून, फी भरून अन्न विश्लेषकाकडे नमुना देता येतो. माल दोषी निघाला तर फी परत मिळते. कोणाचा मृत्यू झाल्यास किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूदही याच कायद्यात आहे.

हे आपल्याला जमेल का?

‘असे हिशोब परदेशात चालतात, आपल्याकडे नाही,’ असे कोणी म्हणेल. त्यांनी नाशिक-सांगलीच्या द्राक्षांकडे पाहावे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही पद्धत आहे. प्रत्येक बागेची नोंदणी होते, बागेचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो, आणि पेटीवरून ती कोणत्या बागेची हे सांगता येते. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडल्याने युरोपात द्राक्षे अडली आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. त्यातून धडा घेऊन ते औषध तपासणीच्या यादीत आले. म्हणजे महाराष्ट्राचाच शेतकरी परदेशातील ग्राहकासाठी बागेपर्यंतचा हिशोब देतो. मग उल्हासनगरच्या कॅम्पात राहणाऱ्या आईला तिच्या मुलाच्या ताटातील भाजी कोठली हे कळू नये का?

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आतली ओल बाहेर काढली आणि ओला माल वर ठेवायला सांगितले, ही घटना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोष दिसेल असा ठेवणे ही तिजारतीची पहिली अट आहे. आजच्या बाजारात त्याचे रूप म्हणजे पावती, वेगळी पाटी आणि रोजची वही. उद्या पहाटे कल्याणला निघताना खिशात पेन घेऊन निघा, एवढेच आमचे सांगणे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. काल विकलेल्या पालेभाजीचा प्रत्येक ढीग कोणाकडून घेतला हे तुम्हाला आज सांगता येईल का?

२. तुमच्या घाऊक व्यापाऱ्याच्या पावतीवर १४ अंकी क्रमांक आहे का?

३. भाजीवर मारायचे पाणी कोठून भरता?

४. धुतल्याने कोणता दोष जातो आणि कोणता जात नाही?

५. आज संध्याकाळी कोथिंबीर परत घ्या असा आदेश आला तर पहिले तीन जण कोण, ज्यांना तुम्ही कळवाल?